दाराला पाठ टेकवून

"माझी मान दुखतेय," कीथ म्हणाला, तेव्हा मॉरीन पलंगाशी बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होती. नाडी तिच्या हातातच राहिली.

"कुठे?"

"मागे. आणि डोकं पण."

"आडवातिडवा झोपतोस, मग दुखणारच," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आईला सांगितलंस?"

"नाही." एरवी तो जोरजोरात मान हलवून नाही म्हणायचा. आज नुसतं तोंडाने म्हणाला.

खाली आई ओटची लापशी ढवळत होती, म्हणजे आता हाक येणार. त्या उन्हाळ्यात मॉरीनच्या, म्हणजे कॅचपोलांच्या घरात न्याहारीआधी रोज हा कार्यक्रम असायचा. पोरांनी स्वयंपाकघराच्या दाराला पाठ टेकवून उभं राहायचं आणि हनुवटी छातीला लावून दाखवायची. गावच्या नर्सबाईंनीच बजावलं होतं, पोराची मान वाकली नाही तर घटकाभरही थांबू नका, साथ चालू आहे, पोलिओ असू शकतो. आईने त्यात पदरची भर घातली होती. हनुवटी टेकली की लापशीवर साखरेचा चमचा. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली तरी साखर अजून रेशनवरच होती, त्यामुळे पाच वर्षांच्या कीथला हा सगळा खेळच वाटायचा. मॉरीन नऊ वर्षांची होती. तिला वाटत नव्हता.

शनिवारी समोरच्या डेरेक लार्टरला दवाखान्याची गाडी घेऊन गेली. ती वळणाआड गेली आणि त्याच्या आईने त्याची गादी, चित्रांची पुस्तकं आणि कापडी अस्वल परसात नेऊन पेटवून दिलं. मॉरीनच्या आईने धूर नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. "गिरणीखालच्या डोहात गेला होता म्हणे," ती म्हणाली. "घसा कोरडा पडेपर्यंत ओरडतोय आम्ही, पाण्यात जाऊ नका. ऐकतील तर ती कार्टी कसली."

डोहात डेरेक एकटा नव्हता. मॉरीनही होती, आणि कीथला बोटाला धरून तिनेच नेलं होतं. उकाड्याने तो रडत होता आणि आईने सांगितलं होतं, त्याला सांभाळ. पाण्यात गेल्यावर तो कसा खिदळला होता. घरी येण्याआधी तिने त्याचे केस आपल्या फ्रॉकने पुसून खडखडीत कोरडे केले होते. हुशारच ती.

"आज कमरेतून वाक," जिन्यात ती त्याच्या कानाशी कुजबुजली. "बुटांकडे बघायचं. मान नाही, सगळंच वाकायचं."

"का?"

"साखर हवी ना?"

आधी मॉरीन उभी राहिली. तिची हनुवटी लागली. "शाब्बास. आता धाकटे साहेब," आई म्हणाली. कीथ दाराकडे निघाला आणि मॉरीन म्हणाली, "आई, दूध बघ."

दूध खरंच वर येत होतं. आई पातेलं उतरवून वळली, तोवर कीथ दारापासून हातभर पुढे उभा राहून सगळाच्या सगळा वाकला होता. त्याच्या डोक्यावरचा भोवरा आईला दिसला.

"लागली?"

"लागली," मॉरीन म्हणाली.

आईचे खांदे खाली आले. तिने स्टूल ओढलं आणि क्षणभर त्यावर नुसती बसून राहिली. मग तिने शिगोशीग भरलेला चमचा कीथच्या बशीत उलटा केला. "घे राजा. आज माझीही तुलाच."

कीथ खायला बसला, पण शाळेत फोटोसाठी बसवल्यासारखा ताठ. बशीकडे वाकेना. चमचाच तोंडापर्यंत उचलत होता, आणि निम्मी लापशी वाटेतच सांडत होती.

"बिचारी मिसेस लार्टर," आई पाव कापता कापता म्हणाली. "दोन दिवस घरात ठेवलंन त्याला. वाटलं, साधा ताप असेल. डॉक्टर म्हणाले, बाई, आधी का नाही आणलंत?"

आई मारेल याची मॉरीनला भीती होती. गाडीची भीती होती, परसातल्या त्या जाळाची होती. कीथचं लाकडी बदक त्यात जळताना तिला स्वच्छ दिसलं. पण त्या सगळ्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीवर बसलं होतं आणि ते उठायला तयार नव्हतं.

कीथने बशी दूर सारली. "नको."

"साखर नको?" आई हसली. "आज सूर्य कुठून उगवला?"

साखर विरघळून तिचं तळं झालं होतं. त्याने त्याला चमचासुद्धा लावला नव्हता.

"आई," मॉरीन म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "त्याला परत करायला लाव. दाराला पाठ टेकवून."

आईची सुरी पावात थांबली. तिने मॉरीनकडे पाहिलं. कीथला खुर्चीतून उचलून तिने दाराशी उभं केलं.

"हनुवटी खाली, राजा."

तो कमरेतून वाकायला गेला. आईने त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला हलकेच मागे टेकवलं. "असं नाही. फक्त मान."

त्याने जोर लावला. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. हनुवटी होती तिथेच राहिली. पण तो आईकडे बघतच नव्हता. तो मॉरीनकडे बघत होता, आता पुढची युक्ती ती सांगेल म्हणून.