अकरा सेकंद

"खाय रे माह्या राजा, उपाशी नको राहू. मी आलीच पाय."

अकरा सेकंदांचा हा निरोप सिंगापूरहून आंजी गावाला आला होता. कुत्र्यासाठी.

धनंजयनं आईवडिलांना, रुख्माबाई आणि नानाजींना, आठ दिवस सिंगापूर फिरवून आणलं, तेव्हाची गोष्ट. इकडे भुऱ्या अन्नाला तोंड लावेना. मग रुख्माबाईंनी नानाजींचा फोन घेतला, समुद्राकडे पाठ केली आणि शेजारच्या मोहिनीला आपला आवाज धाडला.

"अवं, समोर समुद्र पाय! इतक्या दूर येऊन बी कुत्र्याशीच बोलून राह्यली?" नानाजी वैतागले होते.

पण उपाय लागू पडला. मोहिनी ताटलीजवळ फोन धरायची, भुऱ्या फोनच्या मागे जाऊन रुख्माबाईंना हुंगून यायचा आणि मगच खायचा.

रुख्माबाईंना जाऊन आता दीड वर्ष झालं. नानाजी अजूनही रोज संध्याकाळी भुऱ्याची ताटली मांडतात आणि तो निरोप लावतात. कुणी विचारलं तर म्हणतात, "काय करता, त्याले सवय पडली."

आजही आवाज आला तशी मोहिनी कुंपणापलीकडून ओरडली, "नानाजी, काऊन लावून राह्यले? भुऱ्या त कवाचा आमच्या अंगणात जेवून झोपला!"

 

"ठाऊक हाय मले," नानाजी म्हणाले, आणि निरोप संपल्यावर त्यांनी आपल्या ताटातल्या पोळीचा पहिला घास मोडला.