नऊ नंबरचा निळा जोड

दुकानदाराने जुना बूट उलटा केला, तळ उजेडाकडे धरला आणि ज्योतिषाने पत्रिका बघावी तसा चेहरा केला.

"मिस्टरांचं वजन उतरलंय का हो, वहिनी?"

"बरंच उतरलंय," समोरच्या स्टुलावरची बाई म्हणाली.

"तरीच. तळ झिजलाय, पण दबलेला नाही. माणूस थापा मारेल, बुटाचा तळ नाही मारणार." हे वाक्य तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आणि दर वेळी नुकतंच सुचल्यासारखं. "रोज कुठवर?"

"लोखंडी पुलापर्यंत आणि परत."

"या वयात?" दुकानदाराने स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि घाईने विषय बदलला. "बरं, दुखतं कुठे?"

"उजवी टाच. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की सुई घुसल्यासारखी कळ येते. मग जरा सैल होतं, पूल आला की पुन्हा सुरू. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलंय, ते बुटाला घासतं. आणि करंगळीचं नख काळं पडलंय."

दुकानदाराने कौतुकाने मान डोलावली. "आमच्या मंडळींना विचारा माझी कुठली दाढ दुखते. मला दाढ आहे, इथपासून सुरुवात करावी लागेल."

बाई हसली, पण तेवढ्यापुरतीच.

त्याने बुटात हात घातला. पुढच्या टोकाशी कापसाचे तंतू चिकटले होते. "कापूस भरून वाळवता वाटतं? नीटनेटक्या आहात. पण इथे बघा, टाचेकडचं अस्तर फाटलंय. पाय आत नुसता खेळतोय. वजन उतरलं की पायही उतरतो. आठ नंबर घ्या. मी तर म्हणेन, सातही चालेल."

"नऊच द्या."

"अहो, लांबच्या पल्ल्याला सैल बूट म्हणजे..."

"नऊच. आणि हाच निळा, पांढऱ्या पट्टीचा. वेगळा दिसला तर त्यांना चालायचं नाही."

धावणाऱ्या माणसांची नाटकं दुकानदाराला पाठ होती. एकाला डावा बूट आधी घातल्याशिवाय पळता येत नसे, दुसऱ्याला नव्या नाड्यांची भीती वाटायची. हा निळ्या रंगाचा भक्त. त्याने वाद घातला नाही. पण नऊ तर नऊ, पाय तरी सुखात राहायला हवा. त्याने करड्या रंगाचा तसलाच जोड नमुन्यादाखल काढला. पुढून रुंद, हाडाला जागा मिळेल असा. टाचेखाली जाड गादी. नाडी शेवटच्या भोकातून घेऊन कशी आवळायची, म्हणजे टाच वर निसटत नाही, ते त्याने दोनदा करून दाखवलं. बाईने बुटात हात घालून अंगठ्याने टाचेची गादी दाबली. डोळे मिटून, बराच वेळ.

"मऊ आहे," ती म्हणाली.

"मऊ आहे, पण जादू नाही. खरं औषध सांगू? थोडे दिवस धावणं बंद. टाच आपोआप बरी होईल."

"तेवढं एक जमणार नाही, भाऊ." तिने आवाज खाली आणला. "मागे तापामुळे खंड पडला होता. त्यांनी जेवणच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, माझ्याशीसुद्धा बोलेनात. धावणं थांबलं तर माणूस हातचा जाईल."

दुकानदाराने मान हलवली. "निळा गोदामातून आणावा लागेल. संध्याकाळी घरी आणून देतो. त्या निमित्ताने साहेबांना दोन शब्द सुनावतो."

"बूट आणा," बाई म्हणाली. "सुनावू मात्र नका."

ती उठली आणि उजवी टाच जपत, एकेक पायरी धरत खाली उतरली. दुकानदाराला गंमत वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात माणसं एकमेकांसारखी बोलू लागतात हे त्याने पाहिलं होतं. एकमेकांसारखी लंगडूही लागतात हे नवीन होतं.

संध्याकाळी तो खोका घेऊन पोचला. वाटेत त्याने एक खरमरीत वाक्य जुळवून ठेवलं होतं. सुनावू नका म्हणाली होती, पण बायका असं म्हणतातच.

दार लोटलेलं होतं. "कोण?" बाहेरच्या खोलीतून भारदस्त आवाज आला.

"बूटवाला."

"या, या. आत या."

खिडकीजवळच्या पलंगावर एक उंच माणूस उशांना टेकून पडला होता. उशाशी वर्तमानपत्रावर जुना निळा जोड ठेवला होता. तळाला ताजा चिखल होता. त्या माणसाने एक बूट उचलला आणि नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा पुढे केला.

"बघा. आज चांगलंच धावलेलो दिसतोय. आजारपणापासून सकाळचं दुपारी आठवत नाही हो मला. पण बूट बघितले की जिवात जीव येतो. पाय बघा कसे दमलेत, हलायला तयार नाहीत. लांबचा पल्ला झाला की असंच व्हायचं माझं."

चादरीतून त्याचे पाय बाहेर आले होते. दुकानदाराने सवयीने बघितलं. नडग्या वेताच्या काठीसारख्या बारीक. अंगठे सुतासारखे सरळ, मुळाशी हाड नाही. करंगळीचं नख गुलाबी. टाचा तान्ह्या मुलाच्या असाव्यात तशा मऊ, एक भेग नाही.

खरमरीत वाक्य विसरून दुकानदाराने खोका हळूच पलंगाच्या कडेला ठेवला.

"अगं," त्या माणसाने आत हाक मारली, "आज कुठवर गेलो होतो मी?"

"पुलापर्यंत," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. बाई गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय सोडून बसली होती, आणि तिच्यामागे खिडकीच्या कठड्यावर, बुटाच्या टोकांचा आकार घेतलेले कापसाचे दोन बोळे वाळत होते.