शिट्टी नसलेला कुकर

"झाकण जोरानं नाई दाबायचं, आई. खुणेवर खूण आली, की मंग फिरव," विजया तिच्या कानाशी ओरडून म्हणाली.

सिंधुताईनं झाकण फिरवलं. खट्ट झालेलं तिला ऐकू आलं नाही, पण हाताला कळलं.

विजेवरचा हा प्रेशर कुकर विजयानं सुपेल्याच्या बाजारातल्या फॉरेनच्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून आणला होता. प्लांटच्या कॉलनीतल्या त्यांच्या सेक्टरात तोवर कोणी असला कुकर पाहिला नव्हता. शेजारच्या गयाबाई मुद्दाम येऊन, हात न लावता, लांबूनच बघून गेल्या.

सिंधुताईला ऐकू कमी यायला लागलं होतं. गॅसवरच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन थकायच्या, तिला पत्ता नसायचा. एकदा विजया ड्यूटीवरून परतली तेव्हा क्वार्टरभर जळक्या डाळीचा धूर होता आणि सिंधुताई पुढच्या खोलीत निवांत गहू निवडत बसली होती. त्या दिवसापासून विजयानं तिला गॅसला हात लावू दिला नाही.

या कुकरला शिट्टीच नव्हती. लाल दिवा म्हणजे शिजतंय, पिवळा म्हणजे झालं.

"अन झाकणावरचा हा खिळा खाली बसल्याबिगर झाकण उघडायचं नाई. वाफ तोंडावर येईन."

"समजलं व. लहान पोर समजून राहिली का मले?"

"लहान पोरच होय तू."

या घरात कोणी कोणाला 'तुमी' म्हणायचं नाही, हा सिंधुताईचा जुना नियम होता.

घरातला कमावता माणूस काविळीनं गेला, तेव्हा त्याच्या जागी प्लांटच्या ऑफिसात विजयाला नोकरी मिळाली. ती सकाळच्या बसनं जायची, सिंधुताई घर सांभाळायची. भिंतीवरच्या त्याच्या फोटोचा हार दोघी मिळून बदलायच्या. तशी बरीच वर्षं गेली. आता रसमड्याच्या कारखान्यातल्या आनंदरावांशी विजयाचं लग्न ठरलं होतं. स्थळ सिंधुताईनंच शोधलं होतं. जवान पोरीला आपल्या म्हातारपणाच्या दावणीला बांधून ठेवायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"तू बी चाल माह्यासंगं," विजया म्हणायची.

"लगन झाल्यावर आपलं मानूस संगं घेऊन जातेत का कोनी? लोकं हासतीन."

"मंग आईक. तुले हा कुकर जमल्याबिगर मी बोहल्यावर उभी नाई राहत. उपाशी राहशीन तू."

सिंधुताईनं ते शब्द धरून ठेवले. पहिल्या दिवशी विजयाच्या देखरेखीखाली वरण छान झालं. पण दुसऱ्या दिवसापासून, एकटीनं लावलं की डाळ कच्ची राहू लागली. पाणी बरोबर, झाकण बरोबर, तरी वाफ कडेकडेनं निघून जायची आणि डाळ दाताखाली कचकच वाजायची. सिंधुताई स्वतःवरच चिडायची. आपलं डोकंही कानांच्याच वाटेनं चाललं, असं तिला वाटायचं.

"पाय, नाई जमत तुले," विजया म्हणायची. "आनंदरावजीले सांगतो, थांबा म्हनून." आणि ती कच्ची डाळ निमूट खायची. तिच्या चेहऱ्यावर ना राग दिसायचा, ना कंटाळा.

एका दुपारी सिंधुताई झाकण घासत होती. आतल्या कडेच्या खाचेतून बोट फिरवताना ते एकाएकी थांबलं. पहिल्या दिवशी इथं रबराची रिंग होती. तिनं ती चाचपून पाहिली होती. आता खाच मोकळी होती.

ओट्याखाली पाहिलं. मोरीत पाहिलं. शेवटी विजयाच्या धुतलेल्या साड्या ठेवायला तिनं कपाट उघडलं, तर साड्यांच्या घडीखाली ती रिंग होती. नीट पुसून, रुमालात गुंडाळून ठेवलेली.

सिंधुताई तिथंच खाली बसली. आधी तिला राग आला. एवढे दिवस आपल्याला वेडी ठरवलं! मग राग कुठं गेला ते तिलाच कळलं नाही. रिंग छातीशी धरून ती बराच वेळ रडली.

संध्याकाळी विजया आली तेव्हा ताट वाढलेलं होतं. भात, वरून वरण, तुपाची धार. विजयानं घास घेतला. डाळ लोण्यासारखी शिजली होती. तिचा हात ताटातच राहिला. तिनं कुकरकडे पाहिलं, मग सिंधुताईकडे.

"जमलं मले," सिंधुताई म्हणाली.

विजयानं मान खाली घातली. पुटपुटल्यासारखी म्हणाली, "आई, मले नाई जाचं."

आवाज पोचला नव्हता. पण ओठ हललेले सिंधुताईनं पाहिले होते.

"मले आईकू येत नाई, पोरी," ती म्हणाली आणि तिच्या पानात अजून भात वाढला.

लग्न सेक्टरातल्या देवळात झालं. मोजकीच माणसं. गयाबाईंनी विजयाला हिरवा चुडा भरला. बाकी सगळं सिंधुताईनं एकटीनं निभावलं. नवरीला पाटावर बसवलं, हातात नारळ दिला, कपाळाचं कुंकू पुन्हा नीट केलं. तिच्याकडे बघून विजयाचे डोळे वाहायचे थांबत नव्हते.

कन्यादानाची वेळ आली. छत्तीसगढी पंडितजी परगावचे होते, घरची माहिती त्यांना नव्हती. सिंधुताई पाणी घेऊन पुढे सरकली तेव्हा त्यांनी विचारलं, "माताजी, आप कन्या की माँ हैं न?"

तिला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा, जोरानं विचारलं.

कमी ऐकणारी माणसं बोलतात मोठ्यानं. सगळं देऊळ ऐकेल अशा आवाजात सिंधुताई म्हणाली, "माँ नहीं, पंडितजी. सास हूँ."