लोकांचे दात ठेवायचे कुठे?

"म्हणजे लोकांचे दात आपण भाड्याच्या खोलीत ठेवायचे?" बाबांनी पुन्हा विचारलं.

थोरल्या लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "दात नाही हो बाबा. दातांच्या फायली!"

कवळ्या आणि कॅप बनवायचा त्यांचा कारखाना. पूर्वी दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवायचे, आता कॉम्प्युटरवर अख्ख्या तोंडाचं चित्र पाठवतात. ती सगळी तोंडं ज्या जुनाट मशीनमध्ये कोंबली होती, ते आज सकाळी पुन्हा बंद पडलं होतं. डॉक्टर फोनवर बोंबलत होते, एका आजीबाईंची कवळी अर्ध्यावर अडकली होती, आणि बाबा फायली क्लाउडवर ठेवायला हो म्हणत नव्हते.

"पब्लिक क्लाउड म्हणजे मोठ्या कंपनीच्या मशीनवर आपल्याला जागा मिळते," तिने शाळेतल्या बाईंसारखं परत पहिल्यापासून सुरू केलं. "सांभाळायचं काम त्यांचं."

"आणि शेजारी कोण?"

"कोण म्हणजे? हजारो धंदेवाले."

"बघ! ओळख ना पाळख."

"प्रत्येकाचं कुलूप वेगळं असतं, बाबा!"

"त्यापेक्षा प्रायव्हेट बरं. आपलं मशीन, आपली खोली, आपलं कुलूप."

"आणि त्याच्याकडे बघणार कोण? पुढच्या महिन्यात मी इथे नाहीये!"

हे काही गुपित नव्हतं. नवऱ्याची बदली झाली होती, घरात खोकी भरून तयार होती. पब्लिक घेतलं तर तिला तिकडे बसून कारखाना चालवता येणार होता. प्रायव्हेट घेतलं तर रोज कुणीतरी इथे हवं, आणि तिच्याशिवाय ते कुणाला जमत नव्हतं. इतकं सरळ गणित! पण म्हातारा ऐकेल तर शपथ. आग लागली तर? कंपनी बुडाली तर? एका शंकेचं उत्तर दिलं की दुसरी तयारच. दोन महिने नुसतं पालथ्या घड्यावर पाणी.

"तुम्हाला ना, काही ठरवायचंच नाहीये," ती ओरडली. "माझा जीव खायचाय फक्त!"

"ठरवलंय की," बाबा म्हणाले. "प्रायव्हेट. कालच ऑर्डर देऊन आलो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तोंड उघडणार तेवढ्यात सुतार आत आला, कानावर पेन्सिल, हातात टेप. त्याने सरळ साच्यांच्या रिकाम्या खोलीत जाऊन भिंत मोजली.

"मशीनला एवढी जागा पुरे," तो म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "ताई, जरा या खुर्चीवर बसता? टेबल तुमच्या मापाचं करायचंय. तोंड खिडकीकडे हवं, असं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

सुताराने बाबांकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते.

"बाबा, मी जाणार आहे. ऐकताय ना? जाणार आहे मी."

"ऐकतोय ना." बाहेर फोन पुन्हा वाजायला लागला होता. बाबांनी सुताराच्या हातातल्या टेपचं टोक धरलं. "दोन बोटं उंच घे रे. काम करताना ती फार वाकते."