गाडीतला फोन कसा उचलायचा

"मावशी, फोन आहे तो, विंचू नाही. नीट धर आणि सेटिंगमध्ये जा."

"गेले."

"कॅमेऱ्यात गेलीस."

मावशीने पडद्यावर स्वतःच्याच नाकपुड्या बघितल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. गाडी दारातच उभी होती, वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीच्या अगदी खाली. काका सर्दीची गोळी घेऊन त्या खोलीत आडवे झाले होते, म्हणून मावशी आणि भाची हळू आवाजात भांडत होत्या.

मावशी उतारवयात गाडी शिकली आणि झकास शिकली. फक्त रस्त्यांशी तिचं वाकडं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येतानासुद्धा ती एकदा हरवली होती. उद्या तर लांबचा पल्ला होता. काका सोबत असले की त्यांच्या फोनमधला नकाशा गाडीच्या पडद्यावर यायचा; उद्या तिच्या स्वतःच्या फोनमधला आल्याशिवाय काही खरं नव्हतं.

उद्या ती मुलाकडे जाणार होती. काकांना मात्र बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं.

मुलाचा आवाज ऐकून तीन वर्षं झाली होती. "त्या मुलीशी लग्न करणार असशील तर मला तोंड दाखवू नकोस," असं ती रागाच्या भरात बोलून गेली आणि त्याने ते ऐकलं. एरवी कधी आईचं ऐकत नसे कार्टा! नंबर बदलला, गावही बदललं. काका एकदा त्याच्या ऑफिसात जाऊन आले ते उतरलेल्या तोंडानेच. "म्हणतो, आईला सांगा, मी मेलो तिच्यासाठी." त्या दिवशी मावशीला घास गिळवेना. काकांनीच पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं. "मी आहे ना मध्ये. थोडा थंड होऊ दे त्याला," म्हणाले. नवरा मिळावा तर असा, असं ती बहिणीला येताजाता ऐकवायची.

पण तीन वर्षं म्हणजे फार झाली. शेवटी भाचीनेच खटपट करून त्याचा पत्ता काढला. नंबर काही मिळाला नाही.

"नाही मिळाला तेच बरं," मावशी तेव्हा म्हणाली होती. "फोन काय, ठेवून देता येतो. दारात उभ्या राहिलेल्या आईचं काय करेल?"

आणि मग थोड्या वेळाने, "खरंच हाकललं तर गं?"

भाचीला तो प्रश्न पुन्हा निघायला नको होता. म्हणून ती आता जरा जास्तच उत्साहाने शिकवत होती.

"ब्लूटूथ चालू कर. हां. आता गाडीच्या पडद्यावर बघ. 'नवीन फोन जोडा' दिसतंय? दाब. दोन्हीकडे तोच आकडा आला का?"

"आला."

"मग 'हो' म्हण."

"हो."

"तोंडाने नाही गं बाई! बोटाने!"

मावशीला असं काही हसू फुटलं की तिने पदराने तोंड दाबलं. वर काकांची झोप मोडायला नको. मग बोट टेकवलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात फोनचं छोटं चित्र उमटलं. नकाशा आला. उद्याचा रस्ता निळ्या रेघेने सरळ दिसायला लागला. मावशी त्या रेघेच्या टोकाकडे बघत राहिली. तिथे तो राहत होता.

"रडायचं नाही," भाची म्हणाली. "आता गाडी बंद करून परत चालू कर. फोन आपोआप जोडला जायला हवा. उद्या मी नसणार शेजारी."

मावशीने गाडी बंद केली, परत चालू केली. कोपऱ्यात फोनचं चित्र पुन्हा उमटलं.

"जोडला!" मावशी म्हणाली. "बघ, तुझी मावशी अगदीच ढ नाही."

"शाबास! आता एकच राहिलं. गाडी चालवताना कोणाचा फोन आला तर हातात घ्यायचा नाही. पडद्यावरचं हिरवं बटण दाबायचं, की आवाज गाडीतच येतो."

तेवढ्यात गाडीच्या स्पीकरमधून घंटी वाजली. दोघी दचकल्या. पडद्यावर नाव आलं: 'नळवाला'.

"घ्या, परीक्षा सुरू!" भाची म्हणाली. "तूच उचल. मी हात लावणार नाही."

"थांब, बरा तावडीत सापडलाय." मावशीने चष्मा नीट केला. स्वयंपाकघरातला नळ कित्येक महिने गळत होता. काका दर रविवारी या माणसाशी अंगणात फेऱ्या मारत बोलायचे, आणि हा काही उगवायचा नाही. आज ती त्याची चांगली बिनपाण्याने करणार होती. तिने घसा खाकरला आणि हिरवं बटण दाबलं.

"हॅलो, बाबा?"

मावशीचं बोट पडद्यावरच राहिलं. हा आवाज तिला झोपेतून उठवलं असतं तरी ओळखू आला असता.

भाचीने मावशीच्या मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. त्यावर काहीच वाजत नव्हतं. मग तिने मान वर करून काकांच्या खिडकीकडे पाहिलं.

"मावशी," ती कुजबुजली, "हा काकांचा फोन जोडला गेलाय."

"बाबा, बोलत का नाही? आई जवळ आहे का?" गाडीभर मुलाचा आवाज घुमला. "बरं, नुसतं ऐका. छोटी परवा दोन वर्षांची होईल. तिच्यासाठी तरी आईला एकदा विचारून बघा ना, की ती अजून तेच म्हणते, तो दारात आला तर जीव देईन म्हणून?"