हलवून दाखवा

माशी नाकाच्या शेंड्यावर बसली होती आणि समोरची गर्दी श्वास रोखून तिच्याकडे पाहत होती. पुतळा हलला नाही. माशीलाही घाई नव्हती. ती नाकावरून गालावर आली, तिथे निवांत हात चोळत बसली आणि या इसमात काही राम नाही असं ठरवून उडून गेली. गर्दीने मोठा सुस्कारा सोडला. माशीकडून सगळ्यांच्याच फार अपेक्षा होत्या.

कपड्यांच्या दुकानाच्या दाराशी चौथरा होता. त्यावर निळा कोट घालून, एक हात कमरेवर आणि नजर समोरच्या विजेच्या खांबावर ठेवून तो उभा असे. शेजारी पाटी होती : ‘माणूस की पुतळा? हलवून दाखवा, कोट घेऊन जा. हात लावू नये.’ कल्पना मालकांची. प्लास्टिकच्या पुतळ्यासाठी कोण थांबतं? पण जिवंत माणूस मेल्यासारखा उभा आहे म्हटलं, की लोक हातातली कामं टाकून येतात.

या कामाची त्याला सवय होती. नाटकात त्याने आयुष्यभर भालदार केला होता. राजा गरजायचा, राणी रडायची, प्रधान कट रचायचा आणि हा भाला धरून उभा. आता भाल्याच्या जागी कोट आला होता, इतकंच. एक महिना उमेदवारीचा होता आणि तो आज संपत होता. “आज दुकान बंद होईपर्यंत टिकलास, की नोकरी पक्की,” असं मालक सकाळीच म्हणाले होते. बायकोने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं, “आमचे हे मोठ्या दुकानात आहेत. अगदी दर्शनी जागेवर.” त्यात खोटं काहीच नव्हतं.

हलवणारे रोज येत. एक टक्कलवाले काका तर ऑफिसला जावं तसे यायचे. विनोद सांगून झाले, शिंकून झालं, कोंबड्यासारखं आरवून झालं. एकदा धापा टाकत, “अहो, तुमच्या घराला आग लागली!” असंही ओरडून झालं. एक मुलगी समोर बसून हमसून हमसून रडली आणि तो हलत नाही म्हटल्यावर डोळे पुसून आइस्क्रीम खायला गेली. महिन्याभरात जगातली बहुतेक सगळी दुःखं त्याच्यासमोरून गेली, आणि एकही खरं निघालं नाही.

पाटी न वाचणारी एक आजी तेवढी होती. चष्म्याची एक काच तडकलेली. रोज दवाखान्यातून परतताना ती चौथऱ्यापाशी थांबायची. “अजून उभाच का रे मेल्या? चांगला धडधाकट आहेस. काहीतरी काम कर की!” कोटाचा लोभ न धरता त्याने हलावं असं वाटणारं तेवढं एकच माणूस होतं.

आजही ती थांबली. बोट उगारून बोलायला वळली आणि पायरी चुकली. धाडकन पडली. चष्मा एकीकडे उडाला, पिशवीतली औषधाची बाटली फुटली, कपाळ फरशीवर आपटलं.

सगळ्या गर्दीने पुतळ्याकडे पाहिलं.

“वा! ही आयडिया नवीन आहे हं.”

“म्हातारी पडली काय झकास! कुठल्या नाटकातली आहे हो?”

“रक्त जरा जास्त झालंय,” एक चोखंदळ प्रेक्षक म्हणाला.

“कुणी मध्ये जाऊ नका रे!” टक्कलवाल्या काकांनी दोन्ही हात पसरले. “पापणी थरथरतेय त्याची. आता हलतोय बघा!”

मोबाइल वर झाले. सगळे त्याच्याकडे रोखलेले.

“हात द्या रे कुणीतरी,” आजी पुटपुटली.

तो खांबाकडे पाहत राहिला. दुकान बंद व्हायला फार वेळ नव्हता. बायको वाट पाहत असेल. आणि इतकी माणसं तिच्या उशापायथ्याशी उभी आहेत, त्यातलं कुणीतरी वाकेलच की. आत्ता वाकेल. लाल ओघळ फरशीच्या फटीतून सरकत चौथऱ्यापर्यंत आला.

तो उतरला.

पायांना मुंग्या आल्या होत्या. लंगडतच तो आजीपाशी गेला, कोट काढून तिच्या डोक्याखाली सारला आणि खिशातला शोभेचा रुमाल जखमेवर दाबून धरला.

“हलला! हलला!” टाळ्या, शिट्ट्या. “मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, माणूस आहे तो!” टक्कलवाले काका आनंदाने ओरडले आणि लगेच आजीच्या डोक्याखालच्या कोटावरून वाद सुरू झाला.

मालक धावत बाहेर आले. “अरे, काय केलंस हे?”

“मालक, आजी पडल्या. दवाखान्यात न्यायला हवं.”

“तुला कशासाठी ठेवलं होतं?”

“अहो, शेवटी माणूस आहे मी.”

“ते आता सगळ्यांना कळलं. मग तुझा उपयोग काय? नीघ.”

त्याने आजीला उचललं. तिने अर्धवट डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. “हललास एकदाचा,” ती क्षीण आवाजात म्हणाली. “आता एखादं बरंसं काम बघ.”

तो दवाखान्याच्या दिशेने चालू लागला. वाट करून द्यायलाही कुणी सरकलं नाही. गर्दीला वळसा घालूनच त्याला जावं लागलं. मागून मालकांचा आवाज आला. त्यात राग उरला नव्हता, उलट हिरा सापडल्यासारखा हर्ष होता.

“मंडळी, पुतळ्याची जागा रिकामी आहे. मघापासून बघतोय मी तुम्हाला. उद्या सकाळी या, तुमच्यातलं कुणीही या. शिकवावं लागणार नाही.”