मापातला मासा

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या नदीवर मासेमारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. खोट्या माशीला भुलून उज्ज्वलच्या गळाला पहिल्यांदाच ट्राउट लागला, तोही मापातला, म्हणजे ठरलेल्या लांबीहून मोठा. मापातला मासा परत सोडायचा नाही, लगेच डोक्यात दांडकं घालून मारायचा, हा इथला कायदा. लहानपणापासून पंचशील म्हणत आलेल्या उज्ज्वलचा हात उठेना. मासा गवतावर तडफडत राहिला.

तेवढ्यात नागपूरहून बहिणीचा फोन आला.

"दादा, आज बाविसावा दिवस. व्हेंटिलेटर काढायचा का, डॉक्टर पुन्हा विचारताहेत. बाबांकडे बघवत नाही रे."

"नाही म्हणून सांग. मी बाबांना मारू?"

त्याने फोन ठेवला. शेजारीच गळ टाकून उभ्या असलेल्या, मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या म्हाताऱ्या क्लाउसने त्याच्या हातातलं दांडकं हिसकावलं आणि एका घावात मासा शांत केला.

"मारवत नव्हतं, तर मला सांगायचं," तो खेकसला. "दोन मिनिटं हाल केलेस त्याचे!"